वरातीमागून

फ्रीमन स्ट्रीटच्या धर्मादाय दुकानात
मोरीन म्हणाली, वायर असलेलं आम्ही घेत नाही, बाई.
म्हणून खोकं परत आलं
बसने, माझ्या मांडीवर, तिकीट न काढता.

सौमित्रचा गेम. डबीला तडा,
वरच्या कागदावर कुणाकुणाचे तारे,
पाचापैकी पाच, दहापैकी दहा,
'दशकातला सर्वोत्तम'.
ते दशक कधीच आटोपलं.
मी तेव्हा हॉस्पिटलच्या तळघरात, रात्रपाळीला,
उकळून आलेल्या कात्र्या मोजत होते.

गुरुवारी सुट्टी. ग्रिम्सबीच्या बंदरावरून वारा,
त्याला आता मासळीचा वाससुद्धा नाही.
टीव्हीच्या पाठीमागे हात घालून
तीन भोकांतलं बरोबर भोक सापडायला वीस मिनिटं.
मग अंधार.
मग अंधारात एक अंतराळस्थानक,
शनीभोवती फिरणारं,
आणि आत कुणी नाही.

लढायचं कसं ते मला येत नाही.
सावलीतून जे काही सरपटत येतं
त्याने पहिल्याच रात्री मला अकरा वेळा मारलं.
बाराव्यांदा मी दार लावून घेतलं
आणि कुणा अभियंत्याच्या खोलीत बसून राहिले.
तिथे कप होता. उचलता येत होता.
उचलला, पालथा घातला.
खुर्ची सरळ केली.
कोपऱ्यात एवढंसं बेसिन, नळ.
सहज बटण दाबलं

आणि पाणी आलं.
पाणी आलं हो! धार,
आणि बेसिन भरत आलं तसा बदलत गेलेला तिचा आवाज.
या पाण्याने कुठलं दार उघडत नाही,
कुणाची तहान भागत नाही, गुण मिळत नाहीत.
तरी कुणीतरी, कुठल्याशा ऑफिसात,
घरी जायची वेळ टळून गेल्यावर
म्हणालं असणार, थांबा,
नळाला पाणी हवं.

नाद लागला.
वहीत दारांचे आकडे, मराठीत.
७२०९ औषधांची खोली.
३३१८ बाग. (बाग आहे. टोमॅटो वाळलेत.)
खाली गॅसचं बिल, दाताच्या डॉक्टरची तारीख.
गेलेल्या माणसांचे आवाज सापडतात खणांमधून.
इल्से नावाची एक बाई कुरकुरते
की तिची रात्रपाळी कुणी बदलून घेत नाही.
मी टीव्हीला म्हणाले, घेत नाहीच गं.

कामावरून येताना तो बंद बर्फाचा कारखाना लागतो.
एकवीस वर्षं लागतोय.
काल थांबले. जाळीला डोळा लावला.
गंजलेली चाकं, जिना, जिन्याखाली
कुणाचा तरी एकच हातमोजा.
हात आत जात नव्हता.

वॉर्डातला किरन हसला. तो गेम?
तो मी शाळेत असताना संपवला.
वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.
पण घोड्याला कुणी विचारलंय?
रस्ता मोकळा, बँडचा कलकलाट नाही,
आणि सांडलेला झेंडू सगळा त्याचाच.

चौदा वर्षांचा सौमित्र
जिन्याच्या वरून ओरडायचा, आई, हे बघ ना, लवकर!
आले रे, म्हणायचे मी. घड्या, डबे, झोप.
आले रे.

रविवारी लीड्सला फोन लावला.
म्हटलं, आले.
कुठे?
तुझ्या त्या शनीजवळच्या स्टेशनात. अरे, तो नळ!
तो बराच वेळ गप्प.
मागे त्याच्या पोरीचं काहीतरी पडल्याचा आवाज.
मग म्हणाला,
कुठला नळ?

आत्ता चालूच आहे तो.
बंद करायला हवा, पाणी असं सोडून ठेवणं
आमच्या घरात कधी खपलं नसतं.
पण इल्सेचं बोलणं अर्धं राहिलंय
आणि कुकरची तिसरी शिट्टी
अजून व्हायचीय.